वाडीची रेहाना

रेहाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात तिच्याशीच भांडत होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. तिनं दवाखान्यातून मला एक जाहिरातीचा मजकूर परत पाठवला होता, ‘ताई, दुसरं वाक्य फार गोड झालंय, काढा’ एवढाच शेरा मारून. आणि आजारी माणसानं कामात नाक खुपसू नये असं मी तिला कोणत्या शब्दांत सांगावं, याची जुळवाजुळव चालली होती. फोन तिच्या भावाचा, सलीमचा होता. “ताई, डॉक्टरांनी आत्ता सांगितलं...” एवढंच तो बोलला. डेंग्यू झाला होता. चार दिवसांपूर्वी ती स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेली होती. वय बत्तीस.

महिना होऊन गेला. ते वाक्य मी काढलं. तिचं बरोबर होतं. पण तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या बरोबर असण्यापेक्षा माझ्या चुकण्याबद्दलच आधी लिहावं लागेल.

आमची ओळख झाली ती सयाजीगंजमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची. सोळा वर्षं मांडवीजवळच्या एका दुकानात जाहिराती, लग्नपत्रिका, हँडबिलं कॉम्प्युटरवर जुळवण्याचं काम केलं आणि एक दिवस ते दुकानच बंद झालं. आमच्या यांनी त्याच्या आदल्या वर्षी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. जाहिराती आता नेटवर करतात, त्याचा तीन महिन्यांचा क्लास आहे असं कळलं, म्हणून घडियाळी पोळ या आमच्या गल्लीतून चालत तिथे जाऊन बसले. वर्गात सगळी माझ्या मुलीच्या वयाची. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि रेहानाच्याही शेजारची रिकामी होती, म्हणून आम्ही एकत्र आलो. रंगानं काळीभोर, दाट कुरळे केस घट्ट बांधलेले, उंच. मला वाटलं, आफ्रिकेतून युनिव्हर्सिटीत शिकायला येतात त्यांच्यापैकी असेल. सरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, कुठल्या देशाची? ती उभी राहिली आणि गुजरातीत म्हणाली, “वाडीची, सर.” वाडी म्हणजे आमच्याच शहरातली एक जुनी वस्ती. सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. मग खाली बसून माझ्याकडे न बघता चक्क मराठीत म्हणाली, “रोजचंच आहे, ताई.”

रेहाना सिद्दी होती. तिचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून गुजरातेत आलेले; आता तिच्या घरात गुजरातीशिवाय दुसरी भाषा नव्हती. वडील ट्रकवर ड्रायव्हर. मराठी ती वाडीतच शिकली, शेजारच्या एका मराठी मावशींच्या ओट्यावर. बी. कॉम. पहिल्या वर्गात झालेली. नेटवर लोक एखादी वस्तू कशी शोधतात, कोणते शब्द टाइप करतात, कुठे चुकतात, हे तिला बघताबघता समजायचं. मला मजकूर लिहिता यायचा. तो कुणी का वाचेल हे तिला कळायचं. तीन महिन्यांत मी तिच्याकडून जेवढं शिकले तेवढं सरांकडून शिकले नाही.

क्लास संपल्यावर ती अर्ज करू लागली. फोनवर तिची मुलाखत झाली की लोक खूश व्हायचे, उद्याच या म्हणायचे. ती गेली की जागा भरलेली असायची. एका ठिकाणी तिला पाणी दिलं, अर्धा तास बसवलं आणि मग सांगितलं की साहेब बाहेरगावी गेलेत. साहेब काचेपलीकडे दिसत होते. हे तिनं मला सांगितलं ते नेहमीच्या आवाजात, फक्त सांगताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, नख पांढरं पडेपर्यंत.

मला मात्र एका छोट्या एजन्सीत नोकरी लागली. मालक केतनभाई. माणूस वाईट नव्हता, हे लिहिताना अजूनही जड जातं. मी रेहानाचं नाव सुचवलं. त्यांनी तिची परीक्षा घेतली, तिचं काम दोनदा बघितलं. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “जयश्रीबेन, मुलगी हुशार छे. ठेवू या. पण क्लायंटसमोर नको. मला काही नाही, पण लोक प्रश्न विचारतात.” ही अट तिला सांगण्याचं काम माझ्यावर आलं. मी ती गुळगुळीत करून सांगितली. म्हटलं, “सध्या मीटिंगला मी जाईन. सवय होईपर्यंत.” ती म्हणाली, “कुणाला सवय होईपर्यंत, ताई?” मी पगाराचा आकडा सांगितला. तिनं नोकरी धरली. तिला दुसरी मिळत नव्हती.

असं वर्षभर चाललं. आमचा मोठा क्लायंट म्हणजे मांडवीतले प्रवीणभाई, चणियाचोळीचे, म्हणजे गरब्याला घालतात त्या घागरा-चोळीचे व्यापारी. लंडन-अमेरिकेतल्या गुजराती मुलींना नवरात्रीसाठी घरबसल्या चणियाचोळी मागवता यावी, ही कल्पना रेहानाची. परदेशातल्या मुली हे शब्द कसे लिहितात, त्यांच्या आया मापं कशी चुकीची देतात, सगळं तिनं शोधून काढलं. मीटिंगमध्ये ते मी वाचून दाखवायचे. प्रवीणभाई म्हणायचे, “बेन, तुमचं डोकं एकदम फास्ट.” आणि मी मान डोलवायचे.

मग त्या वर्षी, नवरात्र आठ-दहा दिवसांवर आलेली असताना, लंडनमधल्या एका बाईनं दुकानाच्या नेटवरच्या पेजवर फोटो टाकला. मुलीनं सरावासाठी नवा चणिया घातला होता आणि घामानं तिचे पाय घोट्यापर्यंत लालेलाल झाले होते. बघताबघता खाली शेकड्यांनी लोक लिहू लागले. केतनभाईंनी फर्मान काढलं, सगळ्या कॉमेंट उडवा, पेज बंद करा. रेहाना म्हणाली, “उडवलं तर उद्या दुप्पट येईल.” ती ऑर्डरींची यादी घेऊन बसली. दुपारपर्यंत तिला सापडलं, सगळ्या तक्रारी एकाच लाल रंगाच्या, एकाच वेळी रंगवलेल्या मालाच्या होत्या, आणि त्यातले बरेच चणिये अजून वाटेत होते. तिनं चार ओळी लिहिल्या : रंग जातो आहे, चूक आमची आहे, लाल चणिया घालू नका, बदलून देतो.

तेवढ्यात प्रवीणभाई स्वतः येऊन पोचले. चेहरा तापलेला. मी त्यांच्यासमोर त्या चार ओळी वाचल्या. त्यांनी विचारलं, “आणि हे वाचून ज्यांना माहीत नाही तेसुद्धा भडकले तर?” “पाणी आणते” म्हणून मी उठले, मागच्या खोलीत गेले आणि रेहानाला विचारलं. तिनं स्क्रीनवरून नजर न हलवता सांगितलं, “ज्यांच्याकडे लाल आहे त्यांनाच आधी वेगळं पत्र जाईल. बाकीच्यांना तासाभरानं.” मी पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि ते उत्तर माझं म्हणून दिलं. त्यांनी आणखी एक विचारलं. मी पुन्हा उठले. दुसऱ्या खेपेला हातात काय न्यावं तेही सुचेना. मधलं दार अर्धवट उघडं होतं. आमचं प्रत्येक वाक्य तिला ऐकू येत होतं. शेवटी प्रवीणभाई “करा” म्हणाले.

तीन दिवसांत वारं फिरलं. त्या लंडनच्या बाईनंच लिहिलं की असा दुकानदार पहिल्यांदा पाहिला. प्रवीणभाई पेढे घेऊन आले. केतनभाई म्हणाले, “हे सगळं आमच्या जयश्रीबेनचं.” आतल्या खोलीत कीबोर्डची टकटक चालू होती, ती थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “टीमचं काम आहे.” ...टकटक पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी जिन्यात ती थांबली होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, “ताई, तुम्ही सोळा वर्षं लोकांच्या जाहिराती जुळवल्या. खाली तुमचं नाव कधी आलं नाही. म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल. मला वाटतं.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला न जाता मांडवीला प्रवीणभाईंच्या दुकानात गेले. गादीवर बसलेल्या त्या माणसाला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते कापडाची घडी घालत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “म्हणजे वर्षभर मी जिच्याशी बोललो ती तुम्ही नव्हताच.” मी म्हटलं, “नाही.” ते एवढंच म्हणाले, “तमे तो हद करी, बेन.” केतनभाईंना त्यांचा फोन गेला आणि त्याच दुपारी आम्हा दोघींची नोकरी गेली.

मला वाटलं होतं, रेहाना माझा हात हातात घेईल. ती उलट माझ्यावरच भडकली. “मला विचारलंत? गप्प बसलात तेव्हाही माझ्या वतीनं, बोललात तेव्हाही माझ्या वतीनं. माझं तोंड मला आहे ना, ताई?” आणि ती निघून गेली. त्यानंतर पाच आठवडे तिनं माझा फोन घेतला नाही.

त्या दरम्यान प्रवीणभाईंनी तिला निरोप पाठवला होता. ती गेली. त्यांनीही आधी विचारलंच, बेटा, कुठल्या देशाची... आणि वाडी ऐकल्यावर कुठली गल्ली तेही विचारलं. दोन तास बोलून ती त्यांचं काम घेऊन बाहेर पडली. मग माझ्या दारात आली. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “वाडीत एक खोली घेतलीय. मजकूर लिहायला माणूस हवंय. मीटिंगला मी जाणार. तुम्ही आत बसायचं. चालशे?” मी म्हटलं, “चालशे.” तेव्हा कुठे तिनं चप्पल काढली.

त्या खोलीत आम्ही आठ वर्षं काम केलं. एकाची दोन टेबलं झाली, दोनाची पाच. तिचं टेबल तिनं मुद्दाम दारासमोर ठेवलं होतं. मी एकदा म्हटलं, तिथे ऊन येतं, आत घे. ती म्हणाली, “येणाऱ्याला पहिली मी दिसायला हवी. दचकायचं ते दारातच दचकून घ्या, मग आत येऊन कामाचं बोला.” आणि खरोखरच माणसं दारात क्षणभर अडखळायची, ती त्यांच्याकडे शांतपणे बघत थांबायची, आणि मग “आवो, बेसो” म्हणायची.

मागच्या आठवड्यात पादरा गावचे एक लोणच्याचे कारखानदार आले. तिच्याशी त्यांचं सगळं फोनवरच झालेलं. ती गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिची रिकामी खुर्ची पाहिली, मग आत कोपऱ्यात बसलेल्या मला पाहून हात जोडले. “रेहानाबेन ना? तुम्ही सांगितलं तसं केलं, माल कॅनडापर्यंत गेला.”

मी उठून त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, “मी जयश्री. मी फक्त मजकूर लिहिते. ते काम रेहानाचं. बसा, तिच्याबद्दल सांगते.”

ते बसले. दोघांपैकी कुणीच तिच्या खुर्चीत बसलं नाही. दारातून आलेलं ऊन तिच्या टेबलावर पडलं होतं, आणि सांगताना मला पुन्हा पुन्हा तिकडे बघून थांबावं लागत होतं... दुसरं वाक्य फार गोड होत नाहीये ना, म्हणून.