सुरवशाचं पोर

भैरू भाडळे धायरीचे नव्हते, हे धायरीत सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी ते सहसा बोलत नसे. बहात्तरच्या दुष्काळात एक जोडपं सडकेच्या कामावर खडी फोडायला आलं. पाच वर्षांचं पोर उपाशी मरू नये म्हणून त्यांनी ते बापूराव भाडळ्यांच्या मळ्यात ठेवलं आणि काम पुढं सरकलं तशी ती दोघं पुढं गेली. बापूरावांच्या बायकोला, मुक्ताईला, मूल नव्हतं. तिनं भैरूला पोटाशी धरलं. आईबाप कधी येणार म्हणून तो विचारायचा, तेव्हा ती म्हणायची, “टाकून गेले रे ते तुला. पण मी हाय ना?”

पुढं भैरू मोठे झाले, ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडायच्या कामाला लागले. लग्न झालं, तनुजा झाली. गाव महापालिकेत गेलं, मळ्याच्या जागी इमारती उठल्या. त्यांनी कधी आपलं मूळ शोधलं नाही. ज्यांना आपण नको होतो, त्यांचं दार कशाला वाजवायचं? मुक्ताई शेवटी दीड वर्ष अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. सुनेलाही करू दिलं नाही.

तनुजाच्या लग्नाची बोलणी निघाली. पाहुण्यांनी मूळ गाव विचारलं. भैरूअण्णा “धायरी” म्हणाले, तर भाडळ्यांच्या भावकीतला रविराज चहाचा घोट घेत म्हणाला, “मूळ ना? मग धायरी कसली. हे दुष्काळाबरोबर आलेले.”

सगळे हसले. अण्णाही हसले. तनुजाला मात्र ते लागलं. रात्रभर मनात ठेवून सकाळी तिनं विचारलं, “अण्णा, तुम्हाला काय काय आठवतं?”

आठवत होतं ते एवढंसं. आईला सोजर म्हणायचे. ती येडाईची शपथ घालायची. आणि कामावरची पोरं भांडली की त्यांना चिडवायची, ‘सुरवशाचं पोर’.

“अहो, सुरवसे हे आडनाव आहे!” तनुजा म्हणाली. “आणि येडाई म्हणजे येडेश्वरी, येरमाळ्याची देवी.”

पन्नास वर्षं आपण आपलं आडनाव शिवीसारखं लक्षात ठेवलं, हे अण्णांच्या तेव्हा ध्यानात आलं.

तनुजा आयटीत होती. ऑफिस सांभाळून तिनं सुरवशांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शोधले, कुणाची कुळी कुठली, कोण कुठून कधी पुण्यात आलं, ते विचारत राहिली. दुष्काळात निघालेली कितीतरी घरं इथंच राहिली होती. एका रविवारी ती अण्णांना घेऊन बिबवेवाडीत माऊली सुरवसे यांच्याकडे गेली. म्हातारे टेम्पो चालवून निवृत्त झालेले. त्यांनी देवक विचारलं, ते अण्णांना सांगता आलं नाही. मग आईचं नाव विचारलं.

“सोजर.”

“महादूची सोजर? आमच्याच वस्तीवरची,” म्हातारे म्हणाले. मग अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिले. “पण तिचा थोरला तर दुष्काळात वारला.”

पुढच्याच आठवड्यात बापलेक येरमाळ्याकडं निघाले. माऊलींनी फोन करून ठेवला होता; वस्तीवर पत्र्याच्या घरापुढं एक माणूस वाट बघत उभा होता. अण्णांचंच कपाळ, तसंच किंचित वाकडं नाक. त्यानं हात जोडले. “मी भैरू.”

अण्णांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“तुमच्या माघारी जन्मलो,” तो म्हणाला. “मायनं तुमचंच नाव ठेवलं.”

आईबाप दोघंही गेले होते. घरात सोजरबाईचा फोटो होता, म्हातारपणीचा. अण्णांनी त्यात ओळखीचं काही शोधलं, त्यांना सापडलं नाही. त्यांनी विचारलं, “मला टाकून का गेले?”

“टाकून?” धाकटा भैरू गोंधळला. “अवो, पाऊस पडला तसे दोघं न्यायला आले व्हते की. मळ्यातल्या बाईनं सांगितलं, पोरगं तापानं गेलं. कुठं पुरलं म्हणून विचारलं, तर तिनं वड्याच्या काठाकडं बोट दाखवलं. माय दिवसभर तिथं बसून व्हती. मरेस्तवर सांगायची, त्या बाईनं मला भाकरी आणून दिली, लई माया व्हती तिला.”

तनुजानं अण्णांचा हात धरला. त्यांना ते दिवस आठवले. पहिल्या पावसानंतर बापूराव त्यांना मुक्ताईच्या माहेरी घेऊन गेले होते, जांभळं खायला. चांगले पंधरा दिवस. परत आले तेव्हा मुक्ताईनं त्यांना इतकं घट्ट धरलं होतं, की श्वास कोंडला.

रात्री ते धायरीला परतले. घरी मुक्ताईचा फोटो भिंतीवर होता. रुपालीनं, त्यांच्या बायकोनं, हळूच विचारलं, “काढून ठेवू का?”

“राहू दे,” ते म्हणाले. मग म्हणाले, “भांडायला तरी राहायला पाहिजे होती गं ती.” आणि भिंतीकडं पाठ करून ते लहान मुलासारखे रडले.

लग्नाच्या पत्रिकेवर तनुजानं भाडळेच लावलं, खाली कुलदैवत म्हणून येडेश्वरी घातलं. रविराजनं ती वाचून घडी घालून खिशात ठेवली. धाकटा भैरू बायकोला घेऊन लग्नाला आला. हळदीच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “दादा, मला तो वडा दाखवा.”

ओढा आता सोसायटीच्या पार्किंगखाली गेला होता. दोघे फाटकाशी उभे राहिले. सुरक्षारक्षकानं विचारलं, “कोणाकडे?” अण्णा म्हणाले, “कुणाकडे नाही. बघतोय.”

धाकट्यानं चप्पल काढली. सिमेंटच्या कडेला जरा माती होती, तिथं वाकून त्यानं हात टेकला.

“माय इथंच बसली व्हती का?”

ओढा किती वेळा वळवला, बुजवला, अण्णांना आता काहीच सांगता येण्यासारखं नव्हतं.

“हो,” ते म्हणाले. “इथंच.”