सतराव्या ताऱ्याचा माणूस

मर्ल हॅस्केटला आमच्या वेधशाळेतले पीएच.डी.वाले डॉक्टर लोक शेवटपर्यंत ‘आपला इलेक्ट्रिशियन’ म्हणत आले. अठ्ठावीस वर्षं त्यानं अ‍ॅरिझोनातल्या आमच्या डोंगरावरच्या लहान दुर्बिणीतून सूर्यासारख्या एकेचाळीस ताऱ्यांचा उजेड मोजला, तरी बढती नाही, पाटी नाही. पदवी नसेल तर तिथं माणसाला फक्त डोळे असतात, डोकं नसतं. मी त्याच वेधशाळेच्या ऑफिसात आकडे भरायला होते, त्यामुळे मला हे चांगलं ठाऊक आहे.

लष्करात रेडिओ दुरुस्त करून तो १९७३ साली आला. तेव्हाचे संचालक डॉक्टर लुंड यांनी त्याला एकच नियम सांगितला, "कशालाही हात लावायचा नाही." उजेड गाळायची तीच पिवळी काच, यंत्राला तोच विजेचा दाब, तोच क्रम. आधी शेजारचा एक तारा मोजायचा, मग आपला, मग दुसरा शेजारी, मग पुन्हा पहिला. हवा सगळ्यांनाच सारखी फसवते, म्हणून फक्त फरक धरायचा. आणि तो फरक तरी केवढा? हजारात एखादा भाग. आपल्या सूर्यावरचे डाग अकरा वर्षांत वाढतात आणि ओसरतात, त्यांच्यामागे त्याच्या पोटातल्या चुंबकाची ओढाताण असते, आणि त्याबरोबर त्याचा उजेड एवढासाच हलतो. इतर ताऱ्यांचंही तसंच असतं का, हे बघायला माणसाचं आख्खं आयुष्य लागतं. डॉक्टरांनी आपलं दिलं नाही, मर्लचं घेतलं.

सकाळी मी ऑफिस उघडायची तेव्हा तो नोंदवही बगलेत मारून पायरीवर बसलेला असायचा. मी कॉफी ओतायची, तो अक्रोडाच्या केकचा तुकडा काढायचा, आणि मग त्याचे आकडे मी संगणकाच्या कार्डांवर भोकं पाडून चढवायची. प्रत्येक कार्डाला ऐंशी रकाने, त्यातले दोन निरीक्षकाच्या नावाच्या आद्याक्षरांचे. १९७६ साली हवेतल्या ओलाव्यासाठी जागा हवी होती आणि रकाने पुरेनात.

"हे तुझं एम. एच. काढून टाकू का रे?" मी म्हटलं. "दर ओळीत तेच तेच. दुसरं कोण मोजतंय इथं?"

"काढ की," मर्ल म्हणाला. "मी कुठं पळून चाललोय?"

काढलं. नव्या जागेत ओलावा बसवला. मी अशी कामं चटकन उरकायची, त्याचं ऑफिसात कौतुकही व्हायचं.

त्याचा जीव होता सतरा नंबरच्या ताऱ्यावर. बाकीचे चाळीस तो नोकरी म्हणून मोजायचा. सतरा नंबर १९७५ साली सगळ्यात मंद झाला, मग हळूहळू चढला आणि चौदा वर्षांनी, १९८९ साली, पुन्हा तळाला गेला. मी म्हटलं, "सापडलं की तुझं चक्र! छापून टाक."

"एकदा झालं तर योगायोग गं," तो म्हणाला. "दोनदा झालं तर सवय. २००३ साली पुन्हा तळ गाठू दे, मग छापू. तेवढं माझ्या नावावर झालं की मी सुखानं मासे पकडायला मोकळा."

एवढंच त्याला हवं होतं. दुसरा फेरा पुरा व्हावा आणि त्याखाली आपलं नाव असावं. बायको केव्हाच सोडून गेली होती. रात्रभर बाहेर आणि दिवसभर झोपलेला नवरा कोणाला हवा असतो?

१९९८ साली डॉक्टर व्हॅन्डिव्हर संचालक झाले. गोड बोलायचे, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचे, आणि मनातून त्यांना आमच्या लहान दुर्बिणीच्या घुमटाच्या जागी पाहुण्यांसाठी दुकान काढायचं होतं. मर्ल त्यांच्याकडे गेला. २००३ पर्यंत थांबा म्हणाला. "काहीतरी दणदणीत दाखवा मला मर्ल," ते म्हणाले. "देणगीदारांना चौदा वर्षांची गोष्ट कशी विकू मी?"

दणदणीत काहीतरी दुसऱ्याच हिवाळ्यात घडलं. सतरा नंबर एकाएकी, तळाच्या तीन वर्षं आधीच, खाली आला. व्हॅन्डिव्हर साहेब हरखले. आपल्या सूर्यानंसुद्धा एकदा सत्तर वर्षं डाग आवरून झोप काढली होती. तसाच हा तारा आमच्या डोळ्यांदेखत झोपायला निघालाय, असं त्यांनी ठरवून टाकलं. वर्तमानपत्रवाले बोलावले, देणगीदार बोलावले. मर्लला टाय बांधून दुर्बिणीशेजारी उभं राहायला सांगितलं.

भर दुपारी घुमट माणसांनी भरला. मोत्यांची माळ घातलेल्या एका वृद्ध बाईनं त्याला कौतुकानं विचारलं, "मंद होताना तुम्हाला दिसला का हो तो?"

"तारा आहे तिथंच आहे बाई," मर्ल म्हणाला. "काच बदललीये मी. जुन्या पिवळ्या काचेत ओल शिरून ती धुरकटली. नवी त्याच जातीची, पण रंगात केसभर फरक. वहीत लिहून ठेवलंय, जानेवारीची अकरा तारीख."

व्हॅन्डिव्हर साहेब हसत पुढे झाले. "मर्ल आमचा इलेक्ट्रिशियन आहे," ते म्हणाले, "फार नम्र माणूस."

"नम्र कसला! वही वाचा ना साहेब," मर्ल म्हणाला. "वाचायला काय पैसे पडतात?"

मी त्याच दिवशी त्याच्यावर भडकले. "अरे, जरा गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? तुझी दुर्बीण वाचली असती! त्यांना खोटं मिळालं असतं आणि तुला तुझा तळ!"

"मग मोजायचं तरी कशाला, लोर्ना?" एवढंच म्हणून तो केक खात बसला. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. अजूनही कधीकधी येतो.

बरोबर एक वर्षानं, २००१च्या जानेवारीत, दुर्बीण बंद झाली. नोंदवह्या, सगळ्या अठ्ठावीस वर्षांच्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत गेल्या. मला कळलं तेव्हा गाडी खाली गावात पोचली होती. आकडे मात्र माझ्या फायलीत होते, काच बदलल्याची तारीखसुद्धा मी टिपून ठेवली होती. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. व्हॅन्डिव्हर साहेबांनी मला पितळी पाटी दिली : ‘अठ्ठावीस वर्षं, एकही चूक नाही.’ मर्लला काही दिलं नाही. पाटी मी दिवाणखान्यात लावली, फोनच्या वर.

मासे पकडायला तो गेलाच नाही. गावात टोस्टर, रेडिओ दुरुस्त करत राहिला आणि २००५च्या शरदात गेला. दफनाला आम्ही सहाजण होतो. डॉक्टर लोकांपैकी कोणीही नव्हतं.

दोन वर्षांनी जुन्या ऑफिसातल्या कोणीतरी मला टपालानं एक छापील शोधनिबंध पाठवला. लांबच्या विद्यापीठातल्या लिंडक्विस्ट नावाच्या तरुण डॉक्टरनं लिहिलेला. दुसऱ्या एका डोंगरावरच्या यंत्रानं पुढची वर्षं मोजली होती. सतरा नंबरनं २००३च्या उन्हाळ्यात तळ गाठला होता, मर्लनं सांगितला तसाच. दोन फेरे पुरे. मी उभ्याउभ्या रडले. मग खालची बारीक ओळ वाचली : ‘१९७३ ते २००१, जुनी नोंद, निरीक्षक अज्ञात.’

मी तडक त्या पोराला फोन लावला. "अज्ञात काय अज्ञात? मर्ल हॅस्केट नाव आहे त्याचं!"

"बाई, हे आकडे अप्रतिम आहेत हो," तो अगदी मनापासून म्हणाला. "नाव टाकायला मला आनंदच होईल. मी वेधशाळेला तीनदा लिहिलं. ते म्हणतात, पाळीपाळीनं बरेच विद्यार्थी मोजायचे, कोणा एकाचं नाव देता येणार नाही. आणि फायलीत निरीक्षकाचा रकानाच नाही. सुरुवातीला असावा, मग कोणीतरी काढलेला दिसतोय. ज्यानं काढला, त्यानं का काढला एवढं सहीनिशी लिहून दिलं, तरी पुरे. पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. कोणी काढला, कल्पना आहे तुम्हाला?"

माझी नजर पितळी पाटीवर गेली. मर्ल भरल्या घुमटात, टाय बांधून, काच आपण बदलली म्हणून सांगून मोकळा झाला होता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "मला काही कल्पना नाही." आणि फोन ठेवला.