गाडीवानाचं एरंडेल
परवा दाराच्या बिजागरीत एरंडेल घातलं आणि त्या वासासरशी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला जामखेड-नगर रस्ता डोळ्यांपुढे आला. धनुर्वात झालेल्या धाकट्या भावाला मी ज्यांच्याकडे ड्रायव्हर होतो त्या मालकांच्या मोटारीतून नगरच्या दवाखान्यात नेत होतो. मोटार पुढून कुरकुरली की त्या आवाजानेच त्याचं अंग ताठून वाकायचं. "गप कर रे तिला, पोर जाईल माझं," मागे त्याला धरून बसलेली आई म्हणाली. मोटार थांबवली, तेव्हा वाटेतल्या एका गाडीवानाने बैलगाडीखाली टांगलेला, वंगणाच्या एरंडेलाचा बांबूचा नळा सोडून आणला. "कुरकुर म्हंजी आखच सुकला, दुसरं काय बी न्हाई," म्हणत त्याने अर्धं तेल चाकाच्या आखात ओतलं. मोटार हलवली, तर कुरकुर तशीच. रडकुंडीला येऊन मी मडगार्डवर अंग टाकलं आणि उभी मोटारच कुरकुरली! म्हणजे चाक नव्हे, चाकावरच्या स्प्रिंगचे कोरडे पोलादी पाटे एकमेकांवर घासत होते. उरलेलं तेल चिंधीने त्यांच्या फटींत मुरवलं आणि मोटार मुकी झाली. पण आता मागूनही काहीच ऐकू येईना, आणि वळून बघायची छाती होईना. दवाखान्याच्या दारात मी न बघताच हात मागे नेला. त्याचं पाऊल गरम लागलं. परवा बिजागरी मुकी झाली आणि माझा हात नकळत तसाच मागे गेला.