चाळीस वर्षं भरलेली बंदूक

एका मृत माणसाने भरून ठेवलेला बार उडण्याची वाट पाहत आम्ही सहा जण बोरी नदीच्या पात्रात श्वास रोखून उभे होतो. ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. पोलिसाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझं काम एक दोर ओढणं आणि एका पंचाला बिडी विझवायला सांगणं, एवढंच होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याहून अमळनेरकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. पौषातली दुपार होती. स्टेशन डायरीत सकाळपासून दोनच नोंदी झाल्या होत्या, शेळी हरवल्याची आणि तीच शेळी सापडल्याची. बाहेर कापसाच्या गाड्या जात होत्या आणि त्यांतून उडालेले पांढरे पुंजके खिडकीतून आत येऊन गुन्हे नोंदवहीवर बसत होते. कोणी ते झटकतही नव्हतं.

अशा वेळी सत्तरीच्या एक बाई आल्या. गावात त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांचे यजमान नाना म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांना जुन्या बंदुकांचा नाद होता. घरात अकरा बंदुका होत्या आणि सगळ्यांना ‘नादुरुस्त, केवळ शोभेची’ असा दाखला मिळालेला होता. अक्का बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि शांतपणे अहिराणीत म्हणाल्या, “साहेब, तक्रार नही शे. आमना घरमा एक बंदूक शे. तेवढी तुम्ही लई जा.”

हकिगत अशी होती. नानांचे वडील पंचक्रोशीत नावाजलेले शिकारी. मरण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आजारपणातही आपल्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या बंदुकीत बार भरला आणि तो उडवायचा राहून गेला. नानांनी चाळीस वर्षं तो तसाच जपला. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. डोळ्यांवर भरवसा नाही, तेव्हा त्याआधी वडिलांच्या हातच्या बाराचा धूर एकदा पाहायचा, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नळी शंभर वर्षांची. ती फुटली तर डोळे राहोत बाजूला, हात आणि चेहराही राहिला नसता. अक्कांनी विनवण्या केल्या, दोन दिवस अबोला धरला आणि शेवटी ठाण्यात आल्या. डायरीत मी ‘खास बातमीदारामार्फत खात्रीलायक माहिती मिळाली’ असं लिहिलं. इतकी खात्रीलायक माहिती मला पुढे कधी मिळाली नाही.

हवालदाराला घेऊन मी घरी गेलो. भिंतीवर दहाच बंदुका होत्या. नानांनी आमचं स्वागत केलं, चहा मागवला आणि एकेक बंदूक दाखवू लागले. ही कुणा संस्थानिकाच्या पागेतली, ही पेंढाऱ्यांच्या वेळची. सगळ्या बंदुकांना वंशावळ होती, पुरावा एकीलाही नव्हता. पण ते बोलत असताना खिडकीतलं ऊन नळ्यांवरून सरकत होतं, तेलाचा मंद वास येत होता आणि मी तपासाला आलो आहे हे मलाच क्षणभर आठवेना.

अकरावी कुठे, असं विचारलं तर म्हणाले, भंगारात दिली. कधी? आठवत नाही. कोणाला? तेही आठवत नाही. मी तासभर वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या शिकारीत वारा कोणत्या दिशेने होता हे ज्यांना आठवत होतं, त्यांना गेल्या आठवड्यातलं काहीच आठवत नव्हतं.

चौकशीत मी एक गोष्ट शिकलो होतो. संग्राहक गुन्हा लपवू शकतो, पण आपल्या वस्तूबद्दल कोणी चुकीचं बोललेलं त्याला सहन होत नाही. मी उठलो आणि हवालदाराला म्हणालो, “जाऊ द्या. चकमकीची जुनाट बंदूक, गंजून खलास झाली असेल.”

“टोपीची आहे,” नाना म्हणाले. “आणि गंज कसला? परवाच तेल दिलंय.”

मग स्वतःच कपाळाला हात लावून खाली बसले.

बंदूक मागच्या खोलीत होती. खोली छतापर्यंत कापसाने भरलेली. नाना त्या पांढऱ्या ढिगात खांद्यापर्यंत हात घालून चाचपत राहिले आणि झोपलेलं मूल उचलावं तशी त्यांनी ती बाहेर काढली. हवालदाराने गज आत घालून पाहिला, मग तोच नळीच्या बाहेरून लावून पाहिला. चार बोटांचा फरक, म्हणजे तळाशी काहीतरी ठासलेलं होतं. “भरेल शे साहेब,” तो हळूच म्हणाला.

गजाच्या टोकाला लावायच्या पेचाने बार उपसून काढावा, एवढंच माझं काम होतं. पण तो उडाला तर बंदूक चालती ठरणार होती, दाखला खोटा ठरणार होता आणि नानांवर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा दाखल होणार होता. हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, “गुन्हा दाखल करा. पण उपसू नका. धूर पाहू द्या.”

मी नको तितकी पुस्तकं वाचलेला फौजदार होतो, त्यामुळे होकार देऊन बसलो.

दुसऱ्या सकाळी पात्रात बाभळीच्या बुंध्याला बंदूक करकचून बांधली. हवालदाराने ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवून घोडा चढवला, चापाला विहिरीचा दोर बांधला. तीस पावलांवर मी, हवालदार, नाना, अक्का आणि दोन पंच. पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ आहे की नाही ते कळत नव्हतं. कुठेतरी मोट नसलेल्या विहिरीवर डिझेल इंजिन एकसुरी धडधडत होतं. नानांनी चष्मा पुसून घातला आणि मी दोर ओढला.

फट् असा नुसत्या टोपीचा आवाज झाला, काडी मोडल्यासारखा. आणखी एक टोपी बसवली. पुन्हा तेवढंच. दारू दमट झाली असेल, नाना म्हणाले. अर्धा तास थांबून हवालदाराने नळीत पाणी ओतलं. टोपीखालच्या छिद्रातून भिजलेल्या दारूचा काळा चिखल यायला हवा होता. तिथून जवळजवळ स्वच्छ पाणी ठिबकू लागलं. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि गजाला पेच लावला.

पेच नानांनी स्वतः फिरवला. चिंधीचा बोळा आला, छर्रे आले, दुसरा बोळा आला. त्यामागे नळीचा तळ होता. ते बराच वेळ ओले छर्रे तळहातावर फिरवत राहिले. “वडील दारू घालायचं विसरले,” एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. आजारी वडिलांनी त्या संध्याकाळी बंदूक कोणत्या अवस्थेत भरली असेल, ते बहुधा त्यांना तेव्हाच दिसलं.

अक्का म्हणाल्या, “चाळीस वरीस मी त्या बंदूकना कोपरामा दिवा नही लाया.”

नाना त्यांच्याकडे पाहून हसू लागले. मग ती दोघं पाण्याच्या काठाशी जाऊन धुकं विरेपर्यंत उभी राहिली. मी पंचांना घाई केली नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? भीती आणि आदर या दोन्ही गोष्टी आत गज घालून न पाहताच वर्षानुवर्षं टिकतात. पुढे मोठमोठ्या माणसांच्या बंदोबस्ताला उभा असताना मला ते छिद्रातून ठिबकणारं पाणी आठवायचं. आणि ज्याचा जन्मभराचा ठेवा रिकामा निघाला, त्याला त्या क्षणी कायदा वाचून दाखवू नये, एवढंही कळलं.

बंदूक उडालीच नाही, त्यामुळे कागदोपत्री दाखला खरा ठरला. गुन्हा दाखल झाला नाही. नानांचा डोळा ऑपरेशननंतर बरा झाला. त्यांनी पंचनाम्याची नक्कल मागून नेली. तीत हवालदाराने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: छर्रे, सव्वीस नग. चिंधीचे बोळे, दोन नग. बंदुकीची दारू, निरंक.