वॉल्टरकाकांचं प्रवचन आणि दाराबाहेरची मी

मंडळी, आज सकाळी शेजारच्या वॉल्टरकाकांचं स्नो शॉवेल, म्हणजे बर्फ उपसायचं फावडं, परत द्यायला गेले. काका मी त्यांना मनातच म्हणते.

बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात. पण आतून त्यांचा खणखणीत आवाज येत होता. म्हटलं, मुलं आली वाटतं. रविवारी मध्येच कशाला टपकायचं? परदेशातल्या आमच्या या ट्रॉय गावच्या थंडीत पोर्चवर कुडकुडत थांबले, यार!

शेवटी बेल वाजवली. आत फक्त काका आणि एक जाडजूड पुस्तक. काही शतकांपूर्वीच्या एका प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथातल्या, धर्मगुरूची प्रवचनं. काका म्हणाले, त्याच्या मते प्रत्येक घर म्हणजे एक छोटं चर्च. घरातल्या सगळ्यांनी रोज जमायचं, एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

"पण इथे ऐकायला कोण आहे?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

काका चिडले नाहीत. "आज तू होतीस ना. डोअरबेलच्या कॅमेऱ्यात दिसलीस, म्हणून दोन पानं जास्त वाचली."

हसावं की रडावं कळेना. माझ्या एकटीच्या घरी येऊन देवापुढे दिवा लावला. एरवी फोनवर रामरक्षा लावून मी भांडी घासते. आज फोन बंद ठेवला आणि स्वतःच म्हटली, अगदी मोठ्याने. म्हणता म्हणता मध्येच दाराकडे बघितलं.

बाहेर कुणी नव्हतं.

एकटे राहणाऱ्यांनो, खरं सांगा, आज तुमचा आवाज कुणी ऐकला?