सिस्टर वहिनींची तिसरी परीक्षा

मोठ्या हॉस्पिटलात बावीस वर्षं नर्स असलेल्या वहिनींची इंग्रजीच्या परीक्षेत पास होणं दोनदा हुकलं होतं, दोन्ही वेळा अर्ध्या गुणाने. परदेशातली नोकरी महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवलेली होती. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या नणंदेने त्यांना कामाला जुंपलं.

"वहिनी, वाक्यातला 'द' पुन्हा खाल्लात!"

"वन्सं, ड्युटीवरून आल्यावर मी काहीही खाते," वहिनी म्हणायच्या, पण हसू ओठांपर्यंत पोचायचं नाही.

तिसऱ्या वेळच्या तोंडी परीक्षेत वॉर्डातला प्रसंग वठवायचा होता; परीक्षक बाई रुग्णाची घाबरलेली मुलगी झाल्या. वहिनींनी जड जड शब्दांची उत्तरं घोकली होती. पहिलं वाक्य निघालं आणि पुढे सगळी पाटी कोरी!

"माझे वडील वाचतील ना?" परीक्षक बाईंनी इंग्रजीत पुन्हा विचारलं.

हा प्रश्न वहिनींनी वॉर्डात शेकडो वेळा ऐकला होता. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि साध्या इंग्रजीत म्हणाल्या, "डॉक्टर तपासताहेत. मी इथेच आहे. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" पुढे बोलताना क्रियापदाचा काळ चुकला, एक शब्द तर सापडलाच नाही. त्याचा अर्थ त्यांनी दुसऱ्या शब्दांत फिरवून सांगितला.

निकालाच्या दिवशी फोन नणंदेच्या हातात देऊन वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"व्याकरणात काठावर," नणंद सावकाश वाचू लागली, "संवादात भरपूर. वहिनी, पास झालात!"

वहिनी मटकन खाली बसल्या आणि घळघळा रडल्या.