आत्याच्या खोलीत बसलेली कोंबडी

माझी आत्या अंबुजाबाई मासी या तमिळ महिन्यातल्या, म्हणजे फाल्गुनाच्या सुमाराच्या, एका मंगळवारी पहाटे, तंजावर–तिरुवैयारु रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या आपल्या घरी, झोपेत वारली. तिचे वय अठ्ठ्याहत्तर होते. हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या वेळी खोलीत दुसरे माणूस नव्हते. पलंगाच्या पायथ्याशी, कोपऱ्यात, एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती.

मला पुण्यात फोन आला तो सेल्वीचा. सेल्वी म्हणजे आत्याच्या घरासमोरच्या कालव्यापलीकडे राहणारी शेजारीण, वयाने तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान. ती तमिळमध्येच बोलते. "अक्का गेली," ती म्हणाली, "कोंबडी आत बसलेली आहे. अक्काला पुढच्या खोलीत आणलं आहे. आतल्या खोलीचं दार मी लावून घेतलंय. तू ये. तोवर कोणाला उघडू देत नाही."

दोन्ही बातम्या तिने एकाच दमात का दिल्या, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

आमचे कुटुंब मराठ्यांच्या राजवटीत तंजावरला आलेल्यांपैकी. घरात मराठी बोलतो, हिशेब आणि पत्रे तमिळमध्ये लिहितो. आत्याला देवनागरी वाचता येत नव्हती. माझे पुण्यातल्या वर्तमानपत्रात छापून आलेले मृत्युलेख मी तिला फोनवर वाचून दाखवत असे, आणि ती मध्येच अडवत असे. "पोदुम, पोदुम, पुरे. इतकें लांब कां लिहितेस गे? कोण मेलें तें आधी सांग." तिच्या मराठीत असे जुने, नाकातले उच्चार होते आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर जाई. ओरत्तनाडुच्या एका सरकारी कचेरीत तिने निवृत्तीपर्यंत टंकलेखन केले. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूल नव्हते. तिच्यापाशी होते ते तिच्या आईचे हे घर, आणि आईच्या कोंबड्या.

कोंबड्या आजीबरोबर तिच्या माहेराहून आल्या होत्या, लग्नाच्या सामानासोबत, एका टोपलीत. तमिळमध्ये या जातीला सिरुविडै म्हणतात, म्हणजे लहान चणीची गावठी कोंबडी. आमच्याकडच्या बहुतेक गव्हाळ रंगाच्या, बारीक पायांच्या, मानेवर काळी छटा असलेल्या. अंडी कमी देतात, मांस थोडेच असते, पण अंड्यांवर घट्ट बसतात आणि पिलांसाठी घारीच्या अंगावर जातात. आजीने मुलीला एकच नियम सांगितला होता. कोंबडा विक, काप, कोणाला दे. या रक्ताची तलंग मात्र विकायची नाही. तलंग म्हणजे अंडी द्यायच्या वयाला आलेली कोवळी कोंबडी. ती द्यायची तर वारमाने.

वारम हा तिकडचा रिवाज आहे. आपली कोंबडी दुसऱ्याने पाळायची आणि पिले निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. लेखी काही नसते. आजीची त्यावर आणखी एक अट असे. वारमाची कोंबडी पाण्यापलीकडच्याच घरी द्यायची. "एका अंगणांत सगळें ठेवूं नये," एवढेच कारण आत्या सांगत असे. म्हणून कालव्यापलीकडे सेल्वीकडे आत्याच्या दोन कोंबड्या कायम वारमाला असत.

आत्याने आपल्या कोंबड्यांना कचेरीतली नावे दिली होती. सतत टोचे मारणारी ती टायपिस्ट. दुपारभर सावलीत बसणारी ती हेड क्लार्क. मोठा तांबडा कोंबडा तहसीलदार. "येतो, ओरडतो, करत काहीं नाहीं," असे ती त्याच्याविषयी म्हणे. सकाळी ती कणी आणि कोंडा कालवून भांड्यावर चमचा वाजवी, तेव्हा पायांभोवती सगळे खाते गोळा होई. मी सुट्टीला गेले की मला कोपऱ्यातल्या पंजारमजवळ बसवले जाई. पंजारम म्हणजे बांबूच्या कामट्यांची घुमटासारखी टोपली, आपल्याकडच्या डालग्यासारखीच. दिवसा पिले तिच्याखाली झाकतात. आत्या तीच उलटी करून, भाताचा पेंढा घालून, अंडी बसवायला वापरत असे. खुराड्यात मुंगुसाचे भय होते, म्हणून खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या, कोंबडीची जागा पहिल्यापासून तिच्या झोपायच्या खोलीत. पेंढ्याच्या तळाशी ती एक लोणारी कोळसा आणि एक हातभर लांब, कुलूप कधीच हरवलेली लोखंडी किल्ली ठेवी. ढगांच्या गडगडाटाने अंड्यातला जीव दचकतो आणि लोखंड ते अंगावर घेते, अशी समजूत त्या गावांतून आहे. आकाश निरभ्र असले तरी ती किल्ली ठेवीच. हे खरे आहे का, असे मी एकदा विचारले. "मला काय ठाऊक? न ठेवून पाहायचें धैर्य तुझ्यांत आहे कां?" असे उत्तर मिळाले.

भांडण तहसीलदारावरून झाले. सेल्वीकडच्या कोंबड्यांसाठी तो काही दिवस कालव्यापलीकडे पाठवला होता. नेमका तेव्हाच सेल्वीचा नवा जावई पहिल्यांदा मुक्कामाला आला, आणि सेल्वीने तहसीलदाराचा कुळंबु, म्हणजे रस्सा, केला. मी त्या वेळी आत्याकडे होते, त्यामुळे पुढचे ऐकीव नाही. आत्या कालव्यावरचा पूल ओलांडून गेली, अंगणातली तांबडी पिसे पाहिली आणि शांतपणे म्हणाली,

"अडी सेल्वी, वारम धरला तरी त्यांतला अर्धा माझा. माझा कुठला, डोक्याकडचा कीं शेपटीकडचा?"

"अक्का, जावयानं दोन्ही खाल्ले."

"मग जावई अर्धा माझा."

"घेऊन जा. पोरगी सोडणार नाही."

सगळे हसले. जावईही हसला. आत्या हसली नाही. ती घरी आली आणि त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद झाले.

बंद म्हणजे तोंडावरचे. तमिळ गावांत जाडैने बोलायची रीत आहे. ज्याला ऐकवायचे त्याच्याशी बोलायचे नाही, जवळच्या जनावराशी बोलायचे. कालव्याच्या एका काठावर आत्या कोंबड्यांना दाणे टाकी, दुसऱ्यावर सेल्वी शेळी बांधी. "हेड क्लार्कबाई, पोटभर खा हो. आपल्याकडें पाहुणा आला तरी तुला कोणी कापत नाहीं." पलीकडून सेल्वी शेळीला सांगे, "ऐकलंस? एका कोंबड्यासाठी माणसं तोडतात. पेन्शन मिळते ना, म्हणून परवडतं." वर्ष उलटून गेले तरी हे चालू होते. मात्र वारम मोडला नाही. पिले निघाली की निम्मी पिले टोपलीत घालून पुलाच्या मध्यावर ठेवलेली सापडत. आत्या ती उचलून आणी आणि टोपली परत तिथेच ठेवी.

मग एका उन्हाळ्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. तिकडे तिला पांढरी हगवण म्हणतात. त्याआधी आत्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तंजावरला राहिली होती आणि लस द्यायची राहून गेली. ती परतली तेव्हा पहिली कोंबडी मान वळवून पडली होती. आठवड्याच्या आत अंगण रिकामे झाले. टायपिस्ट शेवटी गेली. आत्याने सगळ्यांना नारळीखाली चुना घालून खोल पुरले, खुराड्यातला पेंढा जाळला, जमीन धुतली. फोनवर ती मला म्हणाली, "आईनें दिलेलें माझ्या हातून संपलें." तिचा आवाज तेवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटले, सेल्वीकडच्या दोन आहेत ना. त्या जिवंत आहेत का, हे तिला ठाऊक नव्हते. वारमाची कोंबडी मालकाने मध्येच परत मागायची नसते. शिवाय मागायचे तर बोलावे लागले असते... तिने विचारले नाही.

पुढचे मला दोघींनीही वेगवेगळे सांगितले आहे आणि दोन्ही हकिकती जुळतात. अंगण काही महिने रिकामे राहिले. रोग पुरता सरल्याचे पाहून सेल्वी एका तिन्हीसांजेला पूल ओलांडून आली. खुडूक कोंबडी हलवायची तर उजेड मावळल्यावर हलवतात, म्हणजे ती बिथरत नाही. सेल्वीच्या डोक्यावर टोपली होती, टोपलीत गव्हाळ कोंबडी, आणि कोंबडीखाली अंडी. तिने टोपली पायरीवर ठेवली आणि कोंबडीकडे पाहून म्हणाली,

"जा बाई, तुझ्या माहेरी. मालकिणीला सांग, दुसरी माझ्याकडे आहे. कोंबडाही याच रक्ताचा ठेवलाय. ह्या वेळी जावयाला अंड्याची पोळी घातली."

आत्या दारात उभी होती. तिनेही कोंबडीलाच उत्तर दिले.

"तिला म्हणावें, कॉफी घेऊन जा."

सेल्वीने कॉफी घेतली. त्यानंतर त्या रोज बोलत. जाडैने बोलण्याची सवय मात्र दोघींचीही सुटली नाही. चेष्टा करायची झाली की कोंबडीला मध्ये घेत.

आत्याचे आणि माझे शेवटचे बोलणे तिच्या मृत्यूआधी काही दिवस झाले. तिला दम लागत होता. सकाळचे दाणेही आता सेल्वीच येऊन टाकी. तरी त्या दिवशी आत्या खुशीत होती. परत आलेल्या त्या कोंबडीची लेक खुडूक झाली होती आणि आत्याने स्वतः पेंढा घालून तिला बसवले होते. "हीं अंडीं तुझ्या नांवानें बसवलीं," ती म्हणाली. "मालकीण तूं. पाळणारी सेल्वी. तिला सांगितलें आहे, ती हो म्हणाली."

"आत्या, मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते."

"म्हणून तर वारम. जवळ असतीस तर हातांतच दिलीं असतीं." मग दम घेऊन म्हणाली, "पाण्यापलीकडें कोणी आपलें असावें लागतें, कण्णू. आतां तूं आहेस."

विमानाने आणि पुढे गाडीने, त्याच मंगळवारी उन्हे कलताना मी पोचले. आत्याला पुढच्या खोलीत ठेवले होते. बाहेर ढोलवाले आले होते, आणि तंजावरहून आलेल्या माझ्या चुलतभावाने फटाक्यांच्या माळा आणवल्या होत्या. तिकडे पिकले माणूस गेले की ढोल आणि फटाके लावून नेतात. त्यात मान असतो. सेल्वी फाटकात उभी होती आणि वाट देत नव्हती. बसलेली कोंबडी आवाजाने बिथरून उठली आणि पुन्हा बसली नाही, तर अंडी थंड होऊन मरतात.

"कोंबडीसाठी अक्काला चोरासारखं गुपचूप न्यायचं?" भावाने विचारले.

"मला विचारू नको. अक्काला विचार. आत आहे."

तो आत जाऊन आला. मग माझ्याकडे वळला. "अंडी तुझी आहेत म्हणे. तू सांग."

मी पूल दाखवला. ढोलवाले कालवा ओलांडून पलीकडे जाऊन थांबले. आत्याला घरातून पुलापर्यंत कसलाही आवाज न करता नेले. अनवाणी पायांचा आवाज तेवढा होता. पूल ओलांडल्यावर ढोल सुरू झाले. फटाके आणखी पुढे, शेताच्या वळणावर लावले. ते घरापर्यंत ऐकू आले, पण दबलेले. बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून सेल्वी आणि मी मागे राहिलो. सेल्वीने आतल्या खोलीचे दार बोटभर उघडले. कोंबडी बसलेली होती. आवाज झाला तशी तिने पिसे फुगवली आणि पुन्हा मिटली. सेल्वी फटीतून तिला म्हणाली, "अक्का गेली. तू बस."

दिवसकार्य संपेपर्यंत मी तिथेच राहिले. घर धुतले, ती खोली सोडून. कोंबडी रोज एकदा उठे, दाणे टिपी, पाणी पिई आणि परत जाऊन बसे. तिला दाणे सेल्वीने घातले. चमचा वाजवला मी. दहाव्याच्या आदल्या दिवशी पहिले अंडे आतून टोचलेले दिसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठ पिले निघाली. उरलेली दोन अंडी निर्जीव होती.

निघताना मी पेंढ्यातून किल्ली काढली. आत्याची म्हणून एखादी वस्तू जवळ असावी, असे वाटले होते. सेल्वी पंजारम पलीकडे न्यायला आली होती. तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि पंजारमखालच्या कोंबडीला म्हणाली, "बघ, मालकीण किल्ली घेऊन चालली. पुढच्या अंड्यांना तू काय ठेवणार, तुझं डोकं?" मी किल्ली तिच्या हातात दिली. ती आता कालव्यापलीकडे, सेल्वीच्या घरी आहे.

या रविवारी सेल्वीशी फोनवर बोलले. गेल्या आठवड्यात घारीने एक पिलू नेले. कोंबडी तिच्या अंगावर गेली होती, पण उशीर झाला होता.

"सात राहिली," सेल्वी म्हणाली. "आता अर्धी कशी करायची?"

"सातव्यातलं माझं कुठलं? डोक्याकडचं की शेपटीकडचं?"

ती हसली. मग तिने फोन अंगणात नेला. चमचा भांड्यावर वाजला आणि पिलांचा आवाज आला. रविवारी संध्याकाळपर्यंत सातही पिले जिवंत होती.